सोपारा आणि अनुराधपूर

नवी मुंबईच्या विहारांतून सोपाऱ्याची धम्मसहल निघाली की महेंद्र आणि संघमित्रा याच बंदरातून जहाजाने लंकेस गेले, असे हमखास सांगण्यात येते. आम्हीही पूर्वी तसे सांगत आलो. परंतु लंकेचा महावंस उघडून पाहता त्यात तसे नाही. महेंद्र स्थविर विदिशेच्या पर्वतावरून आकाशमार्गे मिस्सक पर्वतावर, म्हणजे आजच्या मिहिंतले येथे उतरले. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची शाखा घेऊन ताम्रलिप्तीहून निघाल्या व जंबुकोल बंदरास लागल्या, असे तो ग्रंथ म्हणतो. आकाशगमन बाजूस ठेवले तरी ताम्रलिप्ती बंगालच्या किनाऱ्यावर आहे, कोकणात नव्हे.

महावंसात सोपारा येते ते विजय राजपुत्राच्या कथेत. त्याचे जहाज प्रथम सुप्पारक पट्टणास लागले; पण सोबत्यांच्या दांडगाईमुळे तेथे राहणे धोक्याचे झाले आणि तो लंकेकडे वळला. ही आख्यायिकाच होय. तरी या दोन किनाऱ्यांमधील जलमार्गाची आठवण लंकेच्या भिक्षुसंघाने जपली होती, एवढे तीवरून निश्चित दिसते.

सोपारा वसईची खाडी व वैतरणा यांच्या मधल्या प्रदेशात आहे. येथील माल घाट चढून नाशिक, जुन्नर, पैठणकडे जाई. कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभावर सोपारकाच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून पठण करणारा भिक्षू. म्हणजे सोपारा केवळ व्यापाऱ्यांचे गाव नव्हते, तेथे बुद्धवचन कंठस्थ करणारी परंपराही होती. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्ताचा पुण्ण सुनापरान्तात गेला. मूळ सुत्तात सोपाऱ्याचे नाव नाही, ते दिव्यावदानातील पूर्णाच्या कथेत येते. हा भेद आमच्या लेखकांनी लक्षात ठेवावा.

अनुराधपूर समुद्रापासून दूर, मलवतु ओयाच्या काठी, कोरड्या मुलखात वसले. तिसावेव, नुवरवेव अशा तलावांच्या पाण्यावर ते शहर शतकानुशतके जगले. देवानंपिय तिस्साच्या काळी तेथे महाविहार स्थापन झाला. पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग तेथेच रचला. फाहियान दोन वर्षे लंकेत राहिला. पुढे चोळांच्या आक्रमणानंतर राजधानी हलली. बोधिवृक्ष मात्र राहिला.

आता मूळ मुद्दा. 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यास बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उकरला. दगडी करंडकात तांबे, चांदी, स्फटिक, सोने अशा एकात एक डब्या, सोन्याची फुले व भिक्षापात्राचे तुकडे निघाले. सभोवती आठ कांस्यमूर्ती होत्या, सात मानुषी बुद्ध व मैत्रेय. मूर्ती स्तूपाहून बऱ्याच उत्तरकालीन आहेत. याचा अर्थ कोणीतरी स्तूप पुन्हा उघडून त्या ठेवल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सापडला. नवव्याचा तुकडा 1956 साली मिळाला, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली.

आठवा लेख काय सांगतो? राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर राजा संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. सोपाऱ्याचा पाठ खंडित आहे. संपूर्ण अर्थ गिरनार आदी ठिकाणांच्या पाठांवरून कळतो. येथील संबोधी म्हणजे बोधगया, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या वृक्षाखाली तो राजा गेला, त्याची वार्ता सोपाऱ्याच्या दगडावर कोरली गेली आणि त्याचीच फांदी अनुराधपुरात लावली गेली. जहाजाची कथा नसली तरी हे नाते खरे आहे, आणि आम्हास ते अधिक मोलाचे वाटते. त्याच अनुराधपूरच्या वृक्षापासूनची रोपे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दीक्षाभूमीवर आणली.

सोपाऱ्याचा शिलाखंड मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आणि करंडक एशियाटिक सोसायटीत असल्याने सोपाऱ्यास गेलेल्या उपासकास विटांचा उंचवटाच दिसतो. म्हणून पुढील सहल प्रथम मुंबईस, मग सोपाऱ्यास न्यावी, असे आम्ही ठरविले आहे.