पाळण्यावरचा कर

ऑगस्ट 1923. तुम्ही कडेगावात आहात आणि मोहरम चालू आहे. इथं कुणाला सांगली जिल्ह्याचा रस्ता विचारू नका, वेड्यात काढतील. हा अजून साताराच आहे. दक्षिण सातारा निघायला 1949 उजाडेल आणि त्याला सांगली हे नाव मिळायला 1960.

वर बघा. बांबू, सुतळी आणि चिकणमातीचे उंचच उंच ताबूत खांद्यांवर हलताहेत. यांचं बांधकाम उलटं असतं, आधी कळस आणि मग पाया. मानाचे ताबूत हिंदू घराण्यांचेही आहेत. गर्दी जमली की पालं पडतात आणि एका कडेला लाकडी रहाटपाळणा उभा राहतो. चार पेट्या, दोन गडी, हातानं ढकलायचा. पाळणेवाला मिळालेले पैसे कमरेच्या कशात टाकतो. तिकीट नाही, हिशेबाची वही नाही. मुंबई इलाख्यानं याच वर्षी करमणूक कराचा कायदा केलाय, हे त्याच्या कानावर गेलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पाच वर्षं मागं चला, साता समुद्रांपलीकडे. अमेरिका, 1918. पंचवीस वर्षांपूर्वी शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं 264 फुटांचं लोखंडी चक्र फिरवलं. एकेका डब्यात साठ माणसं, असे छत्तीस डबे. त्यानंतर गावोगावी करमणुकीची उद्यानं निघाली. बरीचशी ट्राम कंपन्यांनीच काढली, कारण रविवारी ट्राम रिकामी धावायची आणि रुळाच्या शेवटच्या टोकाला काहीतरी गंमत ठेवली तर लोक चढायचे. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे हे धंदेवाले या वर्षी एकत्र येताहेत. महायुद्ध चालू आहे, आदल्याच वर्षी सरकारनं प्रवेशाच्या तिकिटावर युद्धकर बसवलाय. पुढं ‘आयापा’ म्हणून जगभर पसरलेली संघटना आपलं जन्मवर्ष 1918 सांगते. एकट्या मालकाचं सरकारदरबारी कोण ऐकतं?

आता भराभर पुढं या. नोव्हेंबर 1984, दिल्लीत प्रगती मैदानावर अप्पू घर हे करमणूक पार्क उघडतंय. 1989, गोराईला एस्सेलवर्ल्ड. तुम्ही होडीतून खाडी ओलांडता, कडेगावाकडची शाळेची सहलही कधीतरी याच होडीत बसेल. आणि 1999: भारतातले पार्कवाले ‘इंडियन असोसिएशन ऑफ अम्यूझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज’ ही संघटना स्थापन करतात. बोलण्यात ‘आयएएपीआय’. कचेरी मुंबईत. सभासद मुख्यतः पार्क, मॉलमधली खेळकेंद्रं आणि पाळणे बनवणारे कारखाने. संघटनेच्या गोरेगावच्या प्रदर्शनात शिरलात तर यंत्रं, रबरी नळ्या, तिकीटयंत्रं विकणाऱ्यांची गर्दी दिसेल. हसण्याखिदळण्याचा धंदा असला तरी इथं चर्चा चालते ती परवान्यांची, विम्याची आणि कराची.

1 जुलै 2017च्या मध्यरात्री थांबा. जीएसटी सुरू होतोय आणि पार्कच्या प्रवेशावर 28 टक्के लागलाय. कॅसिनोवरही तेवढाच! म्हणजे पोराला घसरगुंडीवर नेणारा बाप आणि जुगारी सरकारच्या लेखी एका रांगेत. संघटना निवेदनं देते, दिल्लीच्या खेपा घालते. 18 जानेवारी 2018च्या बैठकीत जीएसटी परिषद दर 18 टक्क्यांवर आणते. त्या निर्णयाची यादी नीट वाचा. थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या जोडीला तिथं मेरी-गो-राउंडही आहे. म्हणजे आपला चक्री पाळणाच. वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या जत्रेतल्या पाळणेवाल्याला हा कर मुळात लागत नाही, हे खरं. पण कागदावर तो बड्या पार्कांच्या शेजारी बसला, आणि तेही न मागता.

जुलै 2019, अहमदाबाद, कांकरिया. उंच झुलणारा पाळणा मधूनच तुटतो आणि माणसं मरतात. इथं जास्त वेळ थांबवत नाही. परवाना, रोजची तपासणी, नटबोल्टची वही हे सगळं कशासाठी लागतं ते इथं कळतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोरोनानं सगळीच फाटकं बंद केली. पार्कवाल्यांच्या वतीनं सरकारकडं बोलायला संघटना होती. जत्रेतल्या पाळणेवाल्याची जत्राच रद्द झाली आणि त्याच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं.

कर कमी करून घेणं हे संघटनेचं मोठं काम, ते तिनं केलं. पण आपल्याकडच्या बहुतेक पोरांचा पहिला पाळणा जत्रेतला असतो, खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नव्हे. नाममात्र वर्गणीत या फिरत्या पाळणेवाल्यांना संघटनेनं सभासद करून घ्यावं, तपासणीची पद्धत शिकवावी. आणि पुढच्या जत्रेत पोराला वर बसवण्याआधी तुम्ही तपासणीचा दाखला मागा. लाजू नका, तुमच्यामागं रांगेत उभा असलेला माणूसही मग विचारेल.