नळी कुणी झाडायची?

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर पत्र्याच्या कामात माझी तीस वर्षे गेली. हॉटेलांच्या भटारखान्यांतून धूर बाहेर नेणारे डक्ट आम्ही बनवतो. गाळ्यात शिकलेला पहिला नियम असा, की वळणावर झाकणाचे दार ठेवायचे, हात आणि ब्रश आत जाईल एवढे. जो साफ करता येत नाही, तो डक्ट बनवायचा नाही. घरातल्या चुलीच्या धुराचा इतिहास मी फावल्या वेळात वाचू लागलो, तो हाच नियम तिथे कुणी पाळला होता का, हे पाहण्यासाठी.

‘चिमणी’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि मराठीत आयता पाखराच्या नावात मिसळून गेला. आपला जुना शब्द धुराडे. पण आमच्याकडे धुराडे म्हणजे नळी नव्हती, छपरातली वाट होती. कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर माळ्यावर चढे, वाशांना आणि टांगलेल्या बियाण्याला कीड लागू देत नसे, मग कौलांच्या फटींतून बाहेर पडे. धुराचा एवढा उपयोग होता. त्याची किंमत चुलीपुढे बसणारीचे डोळे आणि छाती देत.

चुलीची रचना मात्र हुशारीची. मुख्य जाळाशेजारी वैल असते. आतल्या भोकातून जाळाची उरलेली ऊब तिकडे जाते आणि आमटी गरम राहते. हीच वाट पुढे वाढवून छपराबाहेर नेली की निर्धूर चूल झाली. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. ‘मगन चूल’ हे नाव तिथलेच. १९५३ साली हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी कोट्यवधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघराची कल्पना इंग्रजी पुस्तिकेतून मांडली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ च्या सुमारास तो थांबला, तोवर सुमारे ३.५ कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती.

त्याच काळात लांजा तालुक्यातल्या आमच्या घरी नळीची चूल आली. दोन पावसाळे ती चांगली चालली. मग धूर उलटा घरात येऊ लागला, आणि एके दिवशी आईने नळीचे तोंड चिखलाने लिंपून टाकले. मी तेव्हा शाळेत होतो. ‘लोकांना सुधारणा नको असते’ हे वाक्य पुढे अनेक अहवालांत वाचले, तेव्हा मला दर वेळी आईचा तो चिखलाचा हात आठवे. ती अडाणी, असेच मी धरून चाललो होतो.

नळी ओढते ती उष्णतेच्या जोरावर. आतली हवा तापून हलकी होते, वर जाते आणि चुलीतला धूर मागे खेचते. सरपण ओले असेल तर पाण्याची वाफ करण्यातच जाळ खर्ची पडतो. धूर थंड होतो आणि नळीच्या भिंतीवर डांबरासारखा चिकटतो. त्यावर काजळी बसते, भोक लहान होते, ओढ कमी होते, म्हणून धूर आणखी थंड होतो. कोकणात पावसाचे चार महिने सरपण दमट असते. म्हणजे तिथली नळी तुंबणारच होती. प्रश्न एवढाच, की ती झाडायची कुणी?

एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशातल्या सुमारे २,६०० घरांत अशा चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फरक उरला नाही, कारण चुली नीट राखल्या गेल्या नाहीत आणि त्यांचा वापरही घटला.

इंग्लंडमध्ये या कामाचा स्वतंत्र धंदा होता, आणि तो क्रूर होता. लहान मुलांना धुराड्यांत चढवत. त्या काजळीने पुढे होणाऱ्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ साली केली. शंभर वर्षांनी, १८७५ च्या कायद्याने, धुराडी झाडणाऱ्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा ती प्रथा मोडली. तिथे निदान हे काम आहे, ते कुणीतरी करते, हे कायद्याला दिसले. आपल्याकडे चुली मोजल्या, झाडणे मोजले नाही.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा आईला विचारले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हणाली, “अरे, चुलीला पोतेरे मी रोज घालत होते. तिथवर माझा हात पोचायचा. छपरावर कोण चढणार होते?”

छपरावर मी चढत होतो. दर मे महिन्यात कौले चाळायला. नळीला वळसा घालून पुढे सरकायचो, हे मला लख्ख आठवते. आत डोकावावे असे कधी वाटले नाही, आणि आईनेही कधी सांगितले नाही, कारण नळी झाडायची असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

जुनी नळी काढली तेव्हा आत मूठही जात नव्हती. साकीनाक्याहून नेलेली पत्र्याची नळी बसवली. खाली दार ठेवले, वर पावसाची टोपी, आणि तोंड आढ्याच्या वर दोन फूट नेले. दारात कागद पेटवून धरला, तर ज्योत आत वळली. वहिनीला आणि पुतण्याला दाखवून ठेवले: नारळाच्या सोडणाचा बोळा दोरीला बांधायचा, वरून सोडायचा, खालच्या दारातून काजळी काढायची. सरपण पावसाआधी माळ्यावर चढवायचे.

गॅस आहेच. पण आंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेही तिथेच तापेल. पुतण्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर मे महिन्यातल्या एका रविवारी लिहून ठेवले आहे: कौले, नळी.