खरखरीचं घराणं

फोनवरच्या गिटारच्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये 'ओव्हरड्राइव्ह' नावाचं बटण असतं. ते दाबलं की स्वच्छ सूर फाटतो, दाट होतो, लांबतो. सॉफ्टवेअर आज ज्याची नक्कल करतं, तो आवाज मुळात कुठल्याच इंजिनिअरला नको होता. भलत्याच कामासाठी बनवलेली यंत्रं गिटारवाल्यांच्या हाती लागली आणि त्यांनी ती झेपेल त्यापलीकडे पिळली, त्यातून तो आला.

१९३०च्या दशकात गिटारला वीज जोडली ती फक्त ऐकू यावी म्हणून. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या ताफ्यात बिचारी गिटार बुडून जायची. ती मोठी करण्याची विद्या आली रेडिओतून, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हमधून. अमेरिकेत त्यालाच ट्यूब म्हणतात. लिओ फेंडर हा पुढे गिटारच्या दुनियेतला मोठा माणूस झाला, पण त्याने सुरुवात केली कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून. जे आत जाईल तेच मोठं होऊन बाहेर यावं, हे त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरचं ध्येय.

पण व्हॉल्व्हला पेलवणार नाही इतका जोर दिला की ध्वनिलहरीचा माथा हळूहळू चेपला जातो. मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. तीच ती खरखर. बातम्या ऐकताना ती नकोशी वाटते, पण ब्लूजमध्ये तिला माणसाच्या घोगऱ्या गळ्याची धार येते.

१९५१मध्ये आइक टर्नरचा बँड 'रॉकेट ८८' रेकॉर्ड करायला मेम्फिसला पोचला, तेव्हा गिटारचा अ‍ॅम्प वाटेत बिघडला होता. सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं गेलं. विली किझार्टच्या गिटारची ती गुरगुर तशीच रेकॉर्डवर राहिली आणि गाणं गाजलं.

त्याच सुमारास फेंडरने बेस गिटार बाजारात आणली आणि १९५२मध्ये तिच्यासाठी 'बेसमन' हा अ‍ॅम्प काढला. दशक संपेपर्यंत त्यात दहा इंची चार स्पीकर आले होते. बेसचे खोल सूर जोरात वाजवले की तो फाटायचा. साध्या गिटारला मात्र तो असा काही मानवला की गिटारवाल्यांनी तो आपलासाच केला.

लंडनमध्ये अमेरिकी अ‍ॅम्प महाग पडत. हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासोबत त्याने बेसमनचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प बनवला, 'जेटीएम ४५'. सुटे भाग मिळतील ते, बहुतेक ब्रिटिश. पहिल्या टप्प्यावर जास्त ताकदीचा व्हॉल्व्ह बसला आणि अ‍ॅम्प लवकर फाटू लागला. पुढे त्यात केटी६६ आले; हेच व्हॉल्व्ह शौकिनांच्या महागड्या हाय-फायमध्ये आवाज निर्मळ ठेवत असत. १९६४मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने तर छोट्या स्वस्त अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला. 'यू रिअली गॉट मी'मधली गिटार ती हीच. १९६६मध्ये एरिक क्लॅप्टनने स्टुडिओतही मार्शल मंचावरच्या इतका जोरात वाजवला, आणि मग खरखर हेच वाद्याचं रूप झालं.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्हची यंत्रं भंगारात निघाली. अमेरिकी शाळांत सिनेमा दाखवणारे बेल अँड हॉवेलचे 'फिल्मोसाउंड' प्रोजेक्टर, सभांचे लाउडस्पीकर अ‍ॅम्प्लिफायर, जुने रेडिओ, सगळं मातीमोल. हौशी लोकांनी त्यांचं पोट उघडलं, गिटारची वायर घालायला भोक पाडलं, नको ती सर्किटं काढली आणि अ‍ॅम्प तयार केले. ज्यांना मार्शल परवडत नव्हता, त्यांच्याही हाती तो आवाज आला.

हा खेळ मात्र जिवाशी येऊ शकतो. आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. कित्येक स्वस्त रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसे. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट घरातल्या विजेला जोडलेला. गिटारच्या तारा वायरमधून त्याच सांगाड्याला जोडल्या जातात आणि त्या तारांवर तुमची बोटं असतात. जाणकार म्हणूनच आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवतात, तीन पिनांची वायर घालतात, जुने कपॅसिटर बदलतात. आवाजाचं नंतर बघतात.

व्हॉल्व्हचे पाश्चात्त्य कारखाने एकेक करून बंद पडले. उरले मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गिटारवाले. २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाने निर्यात रोखली, तेव्हा जगभरच्या गिटारच्या दुकानांत व्हॉल्व्हची टंचाई झाली. रेडिओने टाकून दिलेली वस्तू खरखरीच्या या घराण्यानेच जिवंत ठेवली आहे.

माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर तो भंगारात घालू नका, आणि नुसता प्लगही लावू नका. आधी जुन्या रेडिओंची दुरुस्ती करणारा माणूस शोधा. तोही आता त्या व्हॉल्व्हइतकाच दुर्मिळ झाला आहे.