पावकी-निमकीपासून ‘वीस एक’पर्यंत

पंतोजींच्या शाळेची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. छडी, धूळपाटी आणि दिवेलागणीचा परवचा, एवढेच तिचे चित्र आपण रंगवतो. पण त्या परवच्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै असलेल्या बाजारात त्यांचाच आधार. दिडकी येणाऱ्या मुलास 15 गुणिले 18 विचारावे. अठरा दिडे सत्तावीस, म्हणून 270. कागद नको, हातचा नको. उणीव एवढीच, की असे का होते हे विचारण्याची सोय नव्हती.

ती सोय मुंबईत झाली. 1822 साली येथे नेटिव्ह स्कूल-बुक अँड स्कूल सोसायटी निघाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी हटनच्या इंग्रजी ग्रंथाच्या आधारे मराठीत गणित सिद्ध केले. पुस्तक झाले, पण शिकवणार कोण? सोसायटीने तरुण तयार केले आणि 1826 साली 24 शिक्षक, 14 मराठीचे व 10 गुजरातीचे, जिल्ह्यांत धाडले. पुढे 1845 साली नॉर्मल स्कूलची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारा हा पंडित प्राथमिक शिक्षक घडवावयास बसला, हे आम्हांस त्यांच्या ‘दर्पणा’इतकेच मोलाचे वाटते.

तोंडची रीत आणि पाटीवरची रीत अशा दोन्ही मग शाळेत शेजारी नांदल्या. एकीची दुसरीशी ओळख मात्र क्वचितच कोणी करून दिली. 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले. आणे गेले, आणि गिरगावच्या चाळींतून औटकीही हळूहळू गेली.

बाजारात मात्र तोंडची रीत जिवंतच आहे. दादरची भाजीवाली 52 तून 27 वजा करताना हातचा घेत नाही. 27 ला 3 मिळवून 30, वर 22, म्हणजे 25. तिचा मुलगा हीच रीत वर्गात आणतो. शिक्षकाला एकच रीत ठाऊक असेल तर बरोबर उत्तरावरही फुली पडते, आणि आपल्या आईचा हिशेब खोटा असे मूल समजून बसते. खरी परीक्षा येथे शिक्षकाची असते: ही अपरिचित वाट दर वेळी मुक्कामाला पोचेल काय, हे त्याला उभ्या उभ्या ठरवावे लागते. त्यासाठी गणित नुसते येऊन भागत नाही, ते चार बाजूंनी यावे लागते.

2019 साली दुसरीच्या पुस्तकावरून उठलेला गदारोळ आपणांस आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारायचा आणि लिहिताना दोन आधी, म्हणून मूल 21 चे 12 करते. सबब ‘वीस एक’ असेही वाचावे, असा तो पर्याय. कानडी आणि तेलुगू मुले आपापल्या भाषेत दशक आधीच म्हणतात. त्यात नवल काही नाही. वर्तमानपत्रांत, विधानसभेत मराठीची काळजी पुष्कळ झाली, 12 लिहून बसलेल्या मुलाची फारशी नाही. पुस्तकात ‘एकवीस’ होतेच. ‘वीस एक’ त्याच्या शेजारी आले होते.