खोपोलीचं पॉवर हाऊस, पाबळचं वर्कशॉप आणि आपल्या शाळेतलं कुलूपबंद कपाट

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आपल्या कर्जत-खालापूरच्या पोरांबद्दल आहे, म्हणून सवडीने का होईना, वाचा.

खोपोलीतून घाटाकडे पाहिलं की डोंगरावरून उतरणारे जाड पाइप दिसतात. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली येतं आणि पॉवर हाऊसमधली चाकं फिरवतं. ८ फेब्रुवारी १९११ ला लोणावळ्यात या कामाची पायाभरणी झाली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. जमशेटजी टाटांची ही कल्पना, पण ती पुरी झालेली पाहायला ते नव्हते, १९०४ मध्येच गेले. पुढे १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. म्हणजे एका तालुक्यात एक, शेजारच्या तालुक्यात दुसरं. दोन्ही शंभरी ओलांडलेली आणि अजून चालू.

गंमत बघा. ती वीज आपल्या डोक्यावरच्या तारांमधून परळ-लालबागला गेली आणि तिच्या मार्गातल्या कित्येक वाड्यांमध्ये पुढची अनेक दशकं रॉकेलच्या चिमण्या जळत राहिल्या. मला वाटतं, विज्ञानाचंही तसंच झालं. आलं इथूनच, पण डोक्यावरून गेलं.

मी शाळेत असताना प्रयोगाचं सामान एका काचेच्या कपाटात असायचं. कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे. फुटलं तर भरून कोण देणार, या भीतीने वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी ते कपाट उघडायचं. शाळेचं नाव घेत नाही, कारण तुमच्याही शाळेत तेच होतं. ‘प्रयोग, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ हे सगळं आम्ही फळ्यावरून वहीत उतरवून काढलं. निरीक्षणसुद्धा!

याला उत्तर शोधणारी माणसं आपल्याच बाजूची होती. गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली होती, ती पुढे ‘नयी तालीम’ म्हणून ओळखली गेली. ती बरीचशी कागदावर राहिली. मग १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचाही हात होता. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे इंजिनिअर तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून भूमिती शिकवू लागले. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ झाली, तीही पु. ल. देशपांड्यांच्या नावाने सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून. गुप्तांनी तिथे कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. होशंगाबादचा कार्यक्रम शेकडो शाळांपर्यंत पोचला आणि २००२ मध्ये तिथल्या सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशात संपलं.

मला मात्र जास्त जवळचे वाटतात डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्थान लिव्हरमध्ये मोठ्या पदावर असलेले शास्त्रज्ञ. मुंबईतली नोकरी सोडून ते १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. पत्नी मीराताई सोबत. त्यांनी प्रयोगशाळा बांधली नाही, गावालाच प्रयोगशाळा मानलं. शाळा सोडलेली पोरं वेल्डिंग शिकली, वायरिंग शिकली, माती तपासायला शिकली, विहीर कुठे खणावी यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकली. जुन्या जीपच्या सुट्या भागांतून छोटा ट्रॅक्टर तयार झाला. आणि कामं खोटी-खोटी नव्हती: गावातल्या माणसाला शेड हवी, पोरांनी ती बांधायची, पैसे घ्यायचे. शेड वाकडी झाली तर मालक बोलणार. परीक्षकापेक्षा तो मालक कडक!

शाळांसाठीही त्यांनी तांत्रिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला. आठवीपासून आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला. आणि सरकारने त्याला मान्यता दिली. हा भाग महत्त्वाचा. काम वेळापत्रकात आलं, कुणाच्या मेहेरबानीवर राहिलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या देशाबाहेरची पहिल्यांपैकी एक ‘फॅब लॅब’ पाबळला उभी केली. २००३ मध्ये कलबाग गेले. आश्रम चालू आहे.

आता इकडे या. आपल्या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊस उभी राहताहेत. त्यांचे पंप, सोलर, वायरिंग करायला माणसं पनवेल-पुण्याहून येतात. ठाकूरवाडी, कातकरवाडीची पोरं तिथे गवत कापतात, गेटवर बसतात. बरीचशी आठवी-नववीत शाळा सोडून, काही आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन आलेली. कंपन्या सीएसआरमधून शाळांना किट वाटतात, फोटो निघतात. त्यातले काही खोके मी स्वतः पाहिलेत, सील न तोडलेले. देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण खोक्याबरोबर माणूस येत नाही, आणि वेळापत्रकात तास नसतो.

मागच्या महिन्यात आम्ही तिघे एका वाडीवर गेलो. प्लॅस्टिकचे चमचे, बुचाचा तुकडा, सायकलची तार, पाण्याची बाटली. चमच्यांचं चाक केलं, वरून पाणी सोडलं, फिरलं. मग हिशेब मांडला. एक लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं, तर १० वॉटचा एलईडी बल्ब साधारण आठ मिनिटं चालेल एवढी ऊर्जा देतं, गळती-घर्षण सोडून. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, चाक फिरवून झाल्यावर ते पाणी जातं कुठं? मी म्हटलं, तुम्ही पोहता त्या पाताळगंगेत. भिवपुरीचं उल्हासमध्ये. म्हणून तर उन्हाळ्यात इतर नद्या आटतात आणि या वाहत्या दिसतात. पोरं माझ्याकडे बघतच राहिली. नदीत रोज उतरतात, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी या मुलांना पॉवर हाऊस आतून दाखवता यावं, यासाठी परवानगीचं पत्र देणार आहोत. निवृत्त वायरमन, फिटर, वेल्डर, आयटीआय झालेली पोरं, कुणाला रविवारी दोन तास देता येत असतील तर कळवा. जुनी सायकलची चाकं आणि बिघडलेले पंखेही चालतील. नवीन किट नको.