सामान्यांचे शौर्य आणि सार्वजनिक उद्यान : लंडनमधील वॉट्स स्मारकाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सार्वजनिक स्मारकांचा इतिहास हा दीर्घकाळ सत्तेचा इतिहास राहिला आहे. राजे, सेनापती, मुत्सद्दी आणि दानशूर धनिक यांचे पुतळे जगातील बहुतेक महानगरांच्या चौकांत उभे आहेत. ज्यांच्याजवळ ना पद होते ना संपत्ती, अशा माणसांनी एखाद्या क्षणी दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा प्राण दिला, तर त्याची नोंद वर्तमानपत्राच्या एखाद्या रकान्यात होते आणि काही दिवसांत ती विसरली जाते. या विस्मरणाला उत्तर देण्याचा एक लक्षणीय प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहरात झाला. पोस्टमन्स पार्क या छोट्याशा उद्यानातील वॉट्स स्मारक हे त्या प्रयत्नाचे फलित होय.

प्रस्तुत लेखात या स्मारकाची पार्श्वभूमी, त्याची जडणघडण आणि त्यावरील नोंदींचे स्वरूप यांचा विचार केला आहे. सामान्य माणसाच्या शौर्याचा गौरव केल्याने त्याच्या मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या सामाजिक परिस्थितीवर पडदा पडतो काय, हा प्रश्नही येथे उपस्थित केला आहे. तो केवळ व्हिक्टोरियन इंग्लंडपुरता मर्यादित नाही, आपल्या काळालाही तो लागू पडतो.

दफनभूमीतून उद्यानाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनची लोकसंख्या झपाट्याने वाढली. शहरातील चर्चच्या आवारांतील दफनभूमी अपुऱ्या पडू लागल्या. पटकीच्या साथींनी हे संकट अधिक तीव्र केले. १८५० च्या दशकातील दफनविषयक कायद्यांमुळे शहराच्या गाभ्यातील दफनभूमी क्रमाक्रमाने बंद झाल्या व मृतांचे दफन शहराबाहेर होऊ लागले. रिकाम्या झालेल्या या जागांवर इमारती उभ्या राहण्याचा धोका होता. १८८४ च्या कायद्याने वापरात नसलेल्या दफनभूमींवर बांधकाम करण्यास मनाई केली. दाट वस्तीतील श्रमिकांना मोकळी हवा मिळावी, यासाठी ऑक्टेव्हिया हिल यांच्यासारख्या सुधारकांनी याच काळात खुल्या जागांची चळवळ चालवली.

सेंट बोटोल्फ, ऑल्डर्सगेट या चर्चचे आवार १८८० मध्ये सार्वजनिक उद्यान म्हणून खुले झाले. पुढे लगतच्या दफनभूमींची जागा जोडून त्याचा विस्तार करण्यात आला. सेंट मार्टिन्स ल ग्रँड येथील टपाल खात्याचे मुख्य कार्यालय अगदी जवळ असल्याने टपाल कर्मचारी दुपारच्या सुट्टीत येथे येऊन बसत. त्यावरूनच ‘पोस्टमन्स पार्क’ हे नाव रूढ झाले. म्हणजे या उद्यानाला नाव मिळाले तेच मुळी सामान्य नोकरदारांमुळे.

वॉट्स यांची कल्पना

जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स (१८१७–१९०४) हे व्हिक्टोरियन काळातील अग्रगण्य चित्रकार व शिल्पकार होते. त्यांनी सरदारकीची पदवी दोनदा नाकारली होती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. साम्राज्यभर या सुवर्णमहोत्सवाची स्मारके उभी राहिली. मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था याच निमित्ताने स्थापन झाली. या वातावरणात वॉट्स यांनी ५ सप्टेंबर १८८७ च्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून एक वेगळी सूचना मांडली. दैनंदिन जीवनात इतरांसाठी प्राण देणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांच्या कथा संकलित कराव्यात व त्यांचे स्मारक उभारावे, अशी ती सूचना होती. राष्ट्राची ओळख त्याच्या वैभवापेक्षा त्याच्या माणसांच्या कृतींतून पटते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

त्या काळी शौर्याच्या अधिकृत गौरवाची व्याप्ती हळूहळू वाढत होती. १८५६ मध्ये सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा सामान्य सैनिकालाही मिळू शकत होता. १८६६ मध्ये समुद्रावर जीव वाचवणाऱ्यांसाठी अल्बर्ट पदक सुरू झाले आणि १८७७ मध्ये जमिनीवरील कृत्यांचाही त्यात समावेश झाला. तथापि पदक हे व्यक्तीच्या छातीवर असते. वॉट्स यांना अशा कृत्याची नोंद शहराच्या नित्य वावराच्या जागी हवी होती.

या सूचनेस शासनाकडून वा धनिकांकडून प्रतिसाद मिळाला नाही. जवळजवळ एक तप गेल्यानंतर सेंट बोटोल्फचे धर्मगुरू हेन्री गॅम्बल यांनी उद्यानाची जागा देऊ केली आणि वॉट्स यांनी स्मारकाचा खर्च स्वतः उचलला. वास्तुविशारद अर्नेस्ट जॉर्ज यांनी सुमारे पन्नास फूट लांबीची, उतरत्या छपराची लाकडी ओसरी उभारली. तिच्या भिंतीवर चकाकी दिलेल्या मातीच्या १२० फलकांसाठी जागा ठेवण्यात आली. ३० जुलै १९०० रोजी लंडनचे लॉर्ड मेयर आल्फ्रेड न्यूटन व बिशप मँडेल क्रेटन यांच्या उपस्थितीत स्मारकाचे उद्घाटन झाले. त्र्याऐंशी वर्षांचे वॉट्स प्रकृतीमुळे समारंभास येऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीने पत्नी मेरी वॉट्स उपस्थित होत्या. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू होते व इंग्लंडमध्ये रणवीरांच्या गौरवाला उधाण आले होते. अशा वर्षी शस्त्र हाती न घेतलेल्यांच्या स्मारकाचे उद्घाटन व्हावे, ही बाब उल्लेखनीय आहे.

फलकांवरील माणसे

उद्घाटनप्रसंगी भिंतीवर केवळ चार फलक होते. ते विल्यम डी मॉर्गन यांच्या कारखान्यात तयार झाले होते. १९०२ मध्ये नऊ फलकांची भर पडली. वॉट्स यांच्या निधनानंतर मेरी वॉट्स यांनी हे कार्य पुढे नेले आणि १९०५ मध्ये आणखी अकरा फलक बसवले. डी मॉर्गन यांचा कारखाना बंद पडल्यावर डोल्टन कंपनीने बनवलेले चोवीस फलक १९०८ मध्ये लागले. त्यानंतर मात्र कामाची गती मंदावली. १९१९ मध्ये एक आणि १९३०–३१ मध्ये चार फलक लागले. मग सुमारे पाऊण शतक भिंत तशीच राहिली. २००७ मध्ये कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना मृत्यू पावलेल्या छपाई तंत्रज्ञाचा फलक २००९ मध्ये बसवण्यात आला. त्या वेळी फलकांची संख्या ५४ व त्यांवरील व्यक्तींची संख्या ६२ झाली. नियोजित जागांपैकी निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या.

फलकांवरील नोंदी अत्यंत संक्षिप्त आहेत. नाव, क्वचित वय वा व्यवसाय, कृत्य, स्थळ आणि तारीख एवढाच मजकूर असतो. त्यात शोकगीताची भाषा फारशी नाही. काही नोंदी पाहू. सारा स्मिथ ही रंगभूमीवरील कलावंत. जानेवारी १८६३ मध्ये सहकारी स्त्रीच्या पेटलेल्या वस्त्रांची आग विझवताना ती स्वतः भाजून मरण पावली. १८९८ मध्ये विंडसर एक्स्प्रेसचे चालक वॉल्टर पिअर्ट व फायरमन हॅरी डीन यांनी उकळत्या वाफेने पोळलेले असतानाही गाडी थांबवली. मेरी रॉजर्स ही ‘स्टेला’ जहाजावरील स्ट्युअर्डेस. मार्च १८९९ मध्ये जहाज बुडताना तिने आपला जीवरक्षक पट्टा दुसऱ्या प्रवाशाला दिला. अकरा वर्षांच्या सॉलोमन गॅलमन याने १९०१ मध्ये धाकट्या भावाला वाहनाखाली येण्यापासून वाचवले व स्वतः प्राण गमावला. त्याच वर्षी लंडन कौंटी कौन्सिलमधील तरुण कारकून जॉन क्रॅनमर केंब्रिज हा बेल्जियममधील ऑस्टेंडजवळ एका अनोळखी परकीय माणसाला वाचवताना बुडाला.

शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. वाचवला जाणारा माणूस अनोळखी आणि परकीय होता, ही गोष्ट फलकावर मुद्दाम नोंदवली गेली. आपल्या माणसासाठी जीव देणे सर्वच समाजांत वंदनीय मानले गेले आहे. रक्त, जात, धर्म वा राष्ट्र यांपैकी कोणतेही नाते नसलेल्यासाठी जीव देणे हे आधुनिक शहराच्या नीतिमत्तेचे वैशिष्ट्य म्हणता येईल. महानगरात माणसे प्रामुख्याने अनोळखी म्हणूनच एकत्र राहतात. त्यांच्यात परस्परविश्वास निर्माण होण्यास अशा कृत्यांची स्मृती उपकारक ठरते.

ॲलिस एअर्स : प्रतिमा आणि वास्तव

वॉट्स यांनी आपल्या पत्रात उदाहरणादाखल ॲलिस एअर्स हिचा उल्लेख केला होता. २४ एप्रिल १८८५ रोजी साउथवर्कमधील युनियन स्ट्रीट येथील तेल व रंगाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावरील ॲलिसने खिडकीतून गादी खाली टाकली आणि तीन लहान मुलींना एकामागून एक खाली सोडले. त्यानंतर स्वतः उडी घेताना ती जबर जखमी झाली व दोन दिवसांनी मरण पावली. पुढे १९३६ मध्ये त्या भागातील एका रस्त्याला तिचे नाव देण्यात आले. पॅट्रिक मार्बर यांच्या ‘क्लोजर’ (१९९७) या नाटकातील नायिका याच फलकावरील नाव धारण करते.

ॲलिस ही दुकानदाराची मेहुणी होती. त्या मुली तिच्या भाच्या होत्या. वॉट्स यांच्या पत्रात मात्र धन्याच्या मुलांसाठी प्राण देणारी एकनिष्ठ मोलकरीण असेच तिचे चित्र उमटले. नाते मागे पडले आणि सेवकधर्म पुढे आला. श्रमिक वर्गाने आपल्या पायरीवर राहून निष्ठेने सेवा करावी, ही उच्च व मध्यम वर्गाची अपेक्षा या प्रतिमेतून पूर्ण होत होती. स्मारकासाठी घटना निवडताना वॉट्स दांपत्याची मुख्य भिस्त वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. जे छापले गेले तेच स्मरणात राहिले. म्हणून सामान्यांचे हे स्मारक सामान्यांनी घडवलेले नाही, त्यांच्याविषयी वरच्या वर्गाने घडवलेले आहे, हे भान अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे.

गौरव आणि उत्तरदायित्व

या फलकांचे एकत्रित वाचन केल्यास आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांवर औद्योगिक शहराच्या अपघातांची जणू यादीच आहे. सहज पेट घेणारी वस्त्रे, बाहेर पडायला दुसरी वाट नसलेली घरे, फुटणारे बाष्पक, बेफाम घोडागाड्या आणि विषारी गटारे त्यात दिसतात. जुलै १८९५ मध्ये ईस्ट हॅम येथील सांडपाणी उपसा केंद्रात सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी उतरलेले कामगार पाठोपाठ गुदमरून मेले. फलकावर त्यांच्या सहकारीनिष्ठेचा गौरव आहे. पहिला कामगार तेथे कोणत्या संरक्षणाशिवाय उतरला आणि त्यास जबाबदार कोण, याविषयी फलक मौन बाळगतो.

आपल्याकडील वाचकाला ही घटना परकी वाटणार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोझिकोडे येथे गटारात गुदमरणाऱ्या दोन परप्रांतीय कामगारांना वाचवण्यासाठी एक रिक्षाचालक खाली उतरला. तिघेही मृत्यू पावले. कामगार त्याच्या परिचयाचे नव्हते. ईस्ट हॅमच्या घटनेस त्या वेळी एकशे वीस वर्षे झाली होती. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारातील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली व २०२३ मध्ये ती तीस लाखांपर्यंत वाढवली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. रिक्षाचालकाच्या त्यागाला वंदन करणे हे कर्तव्यच आहे. मात्र तो त्याग ज्या व्यवस्थेमुळे करावा लागला, तिला जाब विचारणे हेही तितकेच कर्तव्य आहे. पहिले पार पाडून दुसरे टाळणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते.

महाराष्ट्रातील स्मरणपरंपरा

महाराष्ट्राला वीरस्मरणाची स्वतंत्र परंपरा आहे. गावोगावी आढळणाऱ्या वीरगळांवर गोधनाच्या वा गावाच्या रक्षणार्थ पडलेल्या वीरांची दृश्ये कोरलेली असतात. तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजन आणि माथ्यावर चंद्र-सूर्य अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. बहुसंख्य वीरगळांवर लेख नसल्याने कृती कळते पण नाव कळत नाही. वॉट्स स्मारकात याउलट चित्र नाही, केवळ नाव व घटना आहे. वीरगळ वीराला स्वर्गात पोहोचवतो, तर पोस्टमन्स पार्कमधील फलक त्याला शहरातील एखाद्या रस्त्यावर आणि ठरावीक तारखेला उभा करतो.

आधुनिक काळात १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भारत सरकारने १९६१ मध्ये जीवन रक्षा पदक सुरू केले व त्यात नागरिकांच्या कृत्यांचाही गौरव होतो. तथापि पदक मिळाल्यानंतर ते नाव शहराच्या नित्य व्यवहारात फारसे उरत नाही. महानगरपालिकांच्या उद्यानांत पुष्पप्रदर्शने व सांगीतिक कार्यक्रम होतात, नामकरणाचे समारंभही होतात. त्या नामकरणात सामान्य जीवरक्षकाचे नाव अभावानेच आढळते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक उद्यान हे केवळ विरंगुळ्याचे ठिकाण नसून शहर कोणाला स्मरणात ठेवते हे ठरवणारी जागाही आहे. दुसरी, सामान्यांच्या शौर्याचे स्मारकही निवडीपासून मुक्त नसते. कोणाची कथा छापली गेली आणि ती कोणत्या साच्यात बसवली गेली, यावर स्मृती अवलंबून असते. तिसरी, गौरव आणि उत्तरदायित्व ही परस्परविरोधी मूल्ये नाहीत. फलकावर घटनेचे स्थळ व तारीख असल्यामुळेच शतकानंतरचा अभ्यासक त्या अपघाताच्या कारणांचा शोध घेऊ शकतो.

या दृष्टीने स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात एक उपक्रम सुचवता येईल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या शहरातील जुनी वृत्तपत्रे, पोलीस व रुग्णालयीन नोंदी आणि मौखिक साक्षी यांच्या आधारे अशा व्यक्तींची सूची विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावी. व्यक्तीच्या कृत्यासोबतच अपघाताचे कारण आणि पुढे झालेली वा न झालेली कार्यवाही यांचीही नोंद तीत असावी. अशी सूची नगरपालिकेपुढे ठेवली, तर उद्यानातील एखाद्या भिंतीची मागणी करण्यास भक्कम आधार मिळेल.