सिग्लुफ्योर्दुर : हेरिंगचे गाव आणि गाणे

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या थोडे दक्षिणेस, डोंगरांनी वेढलेल्या एका अरुंद खाडीत सिग्लुफ्योर्दुर हे गाव आहे. १८८८ मध्ये ब्यार्नी थोर्स्टेइन्सन हे तरुण धर्मोपदेशक तेथे आले, तेव्हा ते शार्कच्या शिकारीवर गुजराण करणारे एक लहानसे खेडे होते. खेडुतांच्या तोंडी असलेली जुनी गाणी, विशेषतः दोन पुरुषांनी दोन स्वरांत गायची ‘त्वीसॉन्गुर’ ही रीत, त्या काळच्या सुशिक्षितांना ओबडधोबड वाटे. ब्यार्नींनी ती चिकाटीने टिपून घेतली. त्यांचा बृहत् संग्रह १९०६ ते १९०९ या काळात प्रसिद्ध झाला, तोही कोपनहेगनला.

दरम्यान १९०३ मध्ये नॉर्वेजियन जहाजे हेरिंगच्या मागोमाग खाडीत शिरली आणि खेड्याचे रूपच पालटले. १९१८ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला; शतकाच्या मध्यास वस्ती तीन हजारांवर गेली. ‘अटलांटिकचे क्लोंडाइक’ हे त्याचे टोपणनाव. सोन्याची ही उपमा जहाजमालकांना व सट्टेबाजांना शोभते. धक्क्यावरचे वास्तव मात्र मिठाचे होते. हेरिंग हा तेलकट, लवकर नासणारा मासा. होड्या मध्यरात्री आल्या तरी ‘हेरिंगच्या पोरी’ अंथरुणातून उठून धक्क्यावर येत. माशाचे डोके व आतडी काढायची, पिंपात थरावर थर रचायचा, प्रत्येक थरावर मीठ पसरायचे. मजुरी दिवसावर नव्हे, पिंपावर. पिंप भरले की एक बिल्ला मिळे, तो गमबुटात टाकायचा. अनेकींच्या हाती स्वतःच्या कमाईची रोकड प्रथम आली ती येथेच. गावाचा इतिहास पिंपांच्या संख्येने मोजला जातो, पण ती पिंपे भरणाऱ्या हातांना त्यात उशिरा जागा मिळाली.

साठच्या दशकात सोनार यंत्रे व जाळे ओढणारी शक्तिमान यंत्रे आली. थवा लपून राहणे अशक्य झाले. अतिमासेमारी आणि थंडावलेला समुद्र या दोहोंनी मिळून १९६९ पर्यंत हेरिंग दिसेनासा केला. धक्के ओस पडले. हाल्डोर लाक्सनेस यांनी १९७२ मध्ये या हेरिंगयुगावर ‘ग्वुड्सग्याफाथूला’ ही कादंबरी लिहिली. नावाचा अर्थ साधारणतः ‘देवाच्या देणगीचे कवन’, आणि त्यातील उपरोध उघड आहे. ज्याला देणगी म्हटले, ते ओरबाडून घेतलेले होते.

१९९४ मध्ये नॉर्वेजियनांनी १९०७ साली बांधलेल्या एका इमारतीत हेरिंग संग्रहालय सुरू झाले. मजूर स्त्रियांच्या राहत्या खोल्या तेथे जपल्या आहेत. उन्हाळ्यात हेरिंग खारवण्याचे प्रात्यक्षिकही होते. ब्यार्नींच्या घरी २००६ मध्ये लोकसंगीताचे केंद्र उघडले. त्यांचा संग्रह मात्र १९०९ मध्येच पुरा झाला होता. पुढची साठ वर्षे धक्क्यावर जे गायले गेले, ते टिपून घेणारा दुसरा ब्यार्नी गावाला लाभला नाही.